परक्या मापाचा पटर

सरकारी नोकरीत माणसाला स्वतःच्या मापाचे असे फारसे काही मिळत नाही. राहावयास जागा मिळते ती वेतनश्रेणीच्या मापाची. टेबल मिळते ते आधीच्या कारकुनाच्या मापाचे. आणि खुर्ची मिळते तिच्या बैठकीत तर पूर्वी बसून गेलेल्या कोणा भारदस्त गृहस्थाचा खळगा कायमचा पडलेला असतो. त्या खळग्यात आपण हळूहळू मावू लागतो. महाराष्ट्र सोडून दूर आलेल्या माणसाला ही विद्या विशेष लवकर साधते. दिल्लीच्या उन्हाळ्याशी, शेजारच्या मोहरीच्या तेलाच्या वासाशी, बिऱ्हाडातल्या ठेंगण्या ओट्याशी जुळवून घेता घेता, नक्की काय जुळले आणि कोण वाकले, हा प्रश्नच पडेनासा होतो. आम्हांलाही तो अकरा वर्षांत पडला नव्हता. गेल्या हिवाळ्यात तो पडला, आणि तोही गोल्फच्या पटरमुळे.

केंद्र सरकारचा कारकून आणि गोल्फ ही जोडी पाहून वाचक हसतील. हसावे, पहिल्या दिवशी आम्हीही हसलो होतो. परंतु कुतुबमिनारापासून जवळच, लाडो सराय येथे, दिल्ली विकास प्राधिकरणाचे गोल्फचे मैदान आहे आणि तेथे पैसे भरून कोणालाही खेळता येते. आमचे त्या वेळचे साहेब पुण्याचे. रविवारी पहाटे मैदानावर जाताना मोटारीत मराठी बोलावयास कोणी तरी हवे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी आम्हांला बरोबर नेण्यास आरंभ केला. प्रथम आम्ही नुसते बाकावर बसून चहा पीत असू. मग झुडपांत गेलेले चेंडू शोधून देऊ लागलो. आणि वर्षभरात हातात काठी केव्हा आली, ते कळलेही नाही.

पाच वर्षांपूर्वी साहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभाचे हार गळ्यात तसेच असताना त्यांनी मोटारीच्या डिकीतून आपला पटर काढून आमच्या हाती ठेवला. "हा तुम्हांला. जपून वापरा," एवढेच ते म्हणाले. आमचा कंठ दाटून आला. साहेबाने कारकुनाला शेरे द्यावेत, मेमो द्यावेत, क्वचित रजाही द्यावी. पण ज्या वस्तूवर त्यांच्या स्वतःच्या तळहाताची झिलई चढली आहे, ती कोण देतो? तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचा पुण्याहून फोन येतो आणि ख्यालीखुशाली झाली की ते न चुकता विचारतात, "पटर काय म्हणतो?" आम्ही न चुकता सांगतो, "उत्तम आहे, साहेब."

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. लांबचे फटके ज्या काठ्यांनी मारतात त्या वेगळ्या. चेंडू कातरलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, पोहोचला की त्याला जमिनीवरून लोटत होलात घालावयाची जी काठी, ती पटर. होलाचा व्यास ४.२५ इंच. ७२ फटक्यांचे मैदान असेल तर त्यांपैकी ३६, म्हणजे निम्मे, या लोटालोटीसाठीच धरलेले असतात. हे काम दिसते पोरखेळासारखे. परंतु ८ फुटांवरून जगातले नामांकित व्यावसायिक खेळाडूही जेमतेम निम्म्या वेळा यशस्वी होतात. ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. त्या सकाळी ज्या घरांतून गोल्फचे नावही निघत नसे, तेथेही हिरवळीवरच्या एकेका फटक्यासाठी लोक श्वास रोखून बसले होते.

तर गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी कोणा दुकानदाराने सरावाच्या ग्रीनशेजारी टेबल मांडले होते. पटरचे माप मोफत घेऊन मिळेल, अशी पाटी होती. मोफत या शब्दाचा प्रतिकार करण्याचे शिक्षण आम्हांला मिळालेले नाही. आम्ही रांगेत उभे राहिलो.

माप घेणारा तरुण पंचविशीतला असेल. आमची पाळी येताच आम्ही पाय रोवले, कोपरे आवळली आणि चित्रांतल्या खेळाडूसारखी मुद्रा धारण केली. तो हसून म्हणाला, "सर, फोटो के लिए नहीं। जैसे रोज़ खड़े होते हैं, वैसे।" आम्ही रोजच्यासारखे उभे राहिलो. त्याने चेंडूखाली एक लहानसा आरसा ठेवला. नियम असा की खाली पाहिले असता आरशात आपले डोळे चेंडूच्या रेषेवर दिसले पाहिजेत. आमचे डोळे त्या रेषेच्या चांगले तीन इंच आत, पायांच्या बाजूस, दिसत होते. मग त्याने पटरच्या डोक्याखाली एक कागद सरकवला. टाचेकडून तो जाईना. चवड्याकडून मात्र सुळकन आत गेला. म्हणजे डोक्याची टाच जमिनीवर टेकलेली आणि चवडा अधांतरी! त्याने फीत लावून काठी मोजली. ३५ इंच. नंतर आमच्याकडे आपादमस्तक पाहिले. आमची उंची ५ फूट ४ इंच. तो काही बोलला नाही; तथापि शिंप्याने दुसऱ्याचा कोट घालून आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे, तसे ते पाहणे होते.

पुढे त्याने जे समजावून सांगितले ते वाणिज्य शाखेच्या पदवीधरास फारच लवकर समजले. काठी लांब, म्हणून आम्ही चेंडूपासून दूर उभे राहत होतो. दूर उभे राहिल्याने नजर रेषेच्या आत पडे आणि नेम होलाच्या उजवीकडे धरला जाई. ही पहिली चूक. दूर उभे राहिल्यानेच मूठ खाली येई, चवडा वर उचलला जाई आणि पटरचे तोंड डावीकडे वळे. ही दुसरी. नेम उजवीकडे, तोंड डावीकडे; आणि चेंडू पुष्कळदा होलात! हिशेबशास्त्रात एकमेकींची भरपाई करणाऱ्या चुका म्हणून एक प्रकरण असते. नावेच्या बाजूस शंभर रुपये अधिक पडले आणि जमेच्या बाजूसही कोठे तरी तेवढेच अधिक पडले, तर तेरीज बिनबोभाट जुळते. पहिल्या वर्षापासून बजावलेले असते की तेरीज जुळली म्हणजे खतावणी निर्दोष आहे असे समजू नका. हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. हातातल्या काठीविषयी मात्र ते कधी सुचले नाही.

टेबलावर एक कमीजास्त होणारा पटर होता. त्याच्या मुठीच्या टोकात किल्ली घालून फिरवली की दांडा आत-बाहेर सरके; डोक्याजवळचा सांधा सैल केला की कोन बदले; आणि तळाला दोन मळसूत्री वजने होती, ती काढून हलकी किंवा भारी बसवता येत. तरुणाने प्रथम ३४ इंच लावले, मग ३३, शेवटी साडेबत्तीस. दांडा आखडला की डोके हाताला हलके लागते, म्हणून त्याने वजने बदलून भारी बसवली. पटरच्या तोंडाला किंचित मागे झुकवलेले असते, साधारण ३ अंश, कारण चेंडू स्वतःच्या भाराने गवतात थोडा रुतून बसतो आणि त्याला आधी अलगद वर काढून मग लोटावे लागते. तो कलही त्याने तपासला. शेवटी आरशात पाहिले तेव्हा आमचे डोळे बरोबर रेषेवर होते आणि कागद कोणत्याच बाजूने आत शिरत नव्हता. पाठ कोठे ठेवावी, कोपरांचे काय करावे, याचा विचार करण्याचे कारण उरले नाही. इतक्या वर्षांत प्रथमच आम्ही एखाद्या वस्तूसमोर नुसते उभे होतो.

नेम चुकतो तो हाताने की हत्याराने, हा वाद जुना आहे. नॉर्वेत जन्मलेले कार्स्टेन सोल्हाइम हे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते. चाळिशी उलटल्यावर त्यांनी हा खेळ धरला आणि पटर त्यांना वश होईना. तेव्हा त्यांनी हत्यारालाच जाब विचारला, आणि १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये, वजन टाच आणि चवडा या दोन टोकांना वाटून दिलेला पटर तयार केला. चेंडूला लागताच त्याचा 'पिंग' असा नाद येई. तेच पुढे त्यांच्या कारखान्याचे नाव झाले. आम्ही इंजिनिअर नसल्यामुळे पाच वर्षे दोष आमच्याच हातांना देत आलो होतो.

दुकानदाराने अनामत घेऊन तो पटर पंधरा दिवसांच्या बोलीने परीक्षेसाठी दिला. परीक्षा म्हटल्यावर आम्ही रीतसर वही घातली. होलाच्या चार बाजूंस, ६ फुटांवर, खुणा केल्या. प्रत्येक खुणेवरून पंचवीस चेंडू, एकूण शंभर. प्रथम जुना पटर: नेहमीच्या सवयीच्या बाजूने १७ चेंडू गेले, उरलेल्या तीन बाजूंनी ११, ९ आणि ८. बेरीज ४५. मग नवा: १०, १०, ९, ९. बेरीज ३८!

वाचकहो, खरे सांगावयाचे तर आम्हांला आनंद झाला. साहेबांचा पटर जिंकला होता. कृतज्ञता आणि काटकसर या दोहोंची लाज राखली गेली होती. परंतु रात्री वही पुन्हा उघडली तेव्हा बेरजेवरून नजर वर सरकली. जुन्या पटरचा पराक्रम एकाच बाजूचा होता. तेथील जमीन सपाट. तेथे दोन चुका एकमेकींना मिठी मारून बसत. जमिनीचा कल बदलला की चवड्याची उचल बदले, नजरेची चूक मात्र तशीच राही आणि त्यांची गट्टी मोडे. नव्याचे अपयश चारी बाजूंनी सारखे होते. काठी सरळ झाली होती, पण आमचे मनगट पाच वर्षांच्या सवयीने नसलेल्या चुकीची अजून भरपाई करीत होते. १० फुटांवर तोंड एका अंशाने वळले तरी चेंडू सुमारे २ इंच बाजूला जातो. म्हणजे होलाच्या मध्यावरून थेट काठावर. इतक्या बारीक जागेत जुन्या सवयीला लपावयास भरपूर वाव असतो.

दुसऱ्या रविवारी नव्याची बेरीज ४४ झाली. तिसऱ्या रविवारी १४, १३, १४, १२, बेरीज ५३. वही मिटली. आता निर्णय घ्यावयाचा राहिला होता आणि आम्ही नेहमीप्रमाणे तो पुढील कार्यवाहीसाठी ठेवून देण्याच्या बेतात होतो. सौभाग्यवतींनी वही पाहिली, अनामतीच्या रकमेकडे एक दृष्टिक्षेप टाकला आणि एवढेच विचारले, "साहेबांना काय सांगणार?"

येथेच खरी अडचण होती. पटर लांब होता हे आम्हांला त्या आरशाने प्रथम दाखवले, हे खरे नव्हे. पहिल्याच वर्षी मुठीचे टोक पोटाला लागत होते. पण साहेबांनी प्रेमाने दिलेली वस्तू आपल्याला बसत नाही असे म्हणणे म्हणजे त्यांचे प्रेम बसत नाही असे म्हणण्यासारखे वाटे. म्हणून वस्तूऐवजी आम्ही स्वतःलाच वळवले. त्यांनी आपुलकीने विचारावे, आम्ही आदराने खोटे सांगावे. तेरीज दर दिवाळीला जुळत होती.

त्या संध्याकाळी, दिवाळी नसताना, आम्ही पुण्यास फोन लावला. घसा साफ करून सांगितले, "साहेब, एक कबुली द्यायची आहे. आपला पटर लांब पडतो. पहिल्यापासूनच पडत होता."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. अकरा वर्षांच्या नोकरीत एवढी लांब शांतता आम्ही ऐकली नव्हती. नंतर साहेब मोठ्याने हसले. "अहो, तो मलाही लांबच होता! मला तो माझ्या वरिष्ठांनी दिला होता. सहा फूट उंचीचा माणूस!"

"मग आपण त्यांना सांगितले नाहीत?"

"कसे सांगणार? ते दर दिवाळीला विचारीत." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आता ते नाहीत. सांगायला हवे होते. त्यांनी हसून सोडून दिले असते."

यावर काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही. साहेबांनीच विषय पुढे नेला. नव्या पटरची लांबी विचारली, कोन विचारला, आणि पुण्यात असे माप घेणारा कोणी आहे का, याची चौकशी करावयास सांगितले. सदुसष्टाव्या वर्षी!

तो पटर आम्ही ठेवून घेतला. नमुन्यादाखल वापरलेला असल्याने दुकानदाराने किंमत पुष्कळ खाली आणली. खेळाचे नियम अशा पटरला आडकाठी करीत नाहीत. मात्र एकदा फेरी सुरू झाली की किल्ली खिशात ठेवावी लागते. मध्येच मुद्दाम माप बदलून त्या काठीने फटका मारला, तर खेळाडू बाद. जे काय जुळवायचे ते आधी जुळवावे, हे आम्हांला पटले.

साहेबांच्या संमतीने जुना पटर आमच्या विभागात नव्याने आलेल्या एका हरियाणवी मुलाला दिला. तो चांगला सहा फूट उंच आहे. देण्यापूर्वी त्याला आरशावर उभे केले, काठीखाली कागद सरकवून पाहिला. कोठूनही आत गेला नाही. त्याने हात जोडून, जपून वापरीन, म्हणून सांगितले. आम्ही त्याला म्हटले की दर दिवाळीला आम्ही विचारू. पटर अडचणीचा झाला असेल तर तसे सांगावे, आम्हांला वाईट वाटेल म्हणून थांबू नये.

त्याला हे बोलणे थोडे चमत्कारिक वाटले असावे. पण मान डोलावून तो म्हणाला, "जी सर, उत्तम है।" हा शब्द त्याने आमच्याकडूनच उचलला आहे. दिवाळीला अजून अवकाश आहे.