सगळं आवरून झाल्यावर

घरात मूल आलं की वाचन पुढे ढकललं जातं. आधी 'सगळं आवरून झाल्यावर', मग 'परीक्षा संपल्यावर' आणि शेवटी 'मुलं मोठी झाल्यावर'. यात चूक हेतूची नसते, हिशेबाची असते. घरकाम कधी संपतच नाही, रात्र झाली म्हणून ते फक्त थांबतं. ओटा पुसून, डबे घासून, दप्तर भरून झाल्यावर साडेदहाला पुस्तक हातात घेतलं, की दुसऱ्या पानावर डोळे मिटतात, आणि माणूस स्वतःलाच दोष देतो की आपली वाचनाची आवड संपली. आवड संपलेली नसते. दिवसातला सगळ्यात निकामी तुकडा तिच्या वाट्याला आलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की आईबापांनी वाचायचं असेल तर ते उरलेल्या वेळात नव्हे, घर जागं असताना, मुलांच्या देखत आणि ठरलेलं काम म्हणून वाचावं.

मात्र 'आईबाप' हा एकच शब्द इथे दोन फार वेगळ्या दिवसांना झाकून टाकतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांपैकी बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. हे आकडे समोर असताना 'पहाटे तासभर लवकर उठा' हा नेहमीचा सल्ला मला निष्ठुर वाटतो. पहाटे उठून डबा करणाऱ्या बाईला आणखी लवकर उठायला सांगणं म्हणजे तिची झोप कापून पुस्तकाला देणं. तास आहेत ते पाच तासांच्या कामात, आणि ते काम वाटून घेतल्याशिवाय सुटत नाहीत. जेवणानंतरची भांडी आणि मुलाचा अभ्यास रोज नवऱ्याकडे गेला, तर तिला मिळणारा अर्धा तास वेळेच्या नियोजनाच्या कुठल्याही युक्तीपेक्षा खरा असतो.

वेळेइतकीच मुभाही लागते. घरात वाचत बसलेलं माणूस रिकामं समजलं जातं, त्याला हाक मारायला कुणाला संकोच वाटत नाही. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त घरातल्या बायकांचा जो विरोध नोंदवला आहे, त्याचं कारण रमाबाईंना फुरसत नव्हती हे नव्हे, त्यांचं शिकणं-वाचणंच घराला खुपत होतं. उलट बाजूला पोथी पाहा. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकात १० समास. रोज एक समास वाचला तरी पोथी संपायला साडेसहा महिने लागतात. एवढे दिवस पोथी वाचणाऱ्याला मध्येच कुणी उठवत नसे. आंघोळ झालेली, पोथीचं लाल फडकं सोडलेलं, खुणेचं मोरपीस बाजूला ठेवलेलं. तेवढा वेळ चुलीवरच्या दुधाकडे दुसरं कुणी बघे. त्यामागे श्रद्धा होती, एकत्र कुटुंबातले जास्तीचे हात होते, आज दोन खोल्यांच्या घरात ते नाहीत, हे खरंच. पण घराने मान दिला की वेळ निघतो, एवढं त्यावरून नक्की दिसतं. तो मान कादंबरीला आणि चरित्रालाही मिळायला हवा.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत वाचलेलं डोक्यात काय राहणार? याचं उत्तर आपल्या कादंबरीच्या इतिहासातच आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः आली. नायिका यमूची गोष्ट कादंबरीच्या पहिल्या वाचकांना हप्त्याहप्त्याने मिळाली, मधले दिवस ती मनात घोळली, आणि ती काही विस्कटली नाही. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपराही कामात गढलेल्या माणसाला सोयीचीच आहे: एका बैठकीत एक कथा किंवा एक लेख. वीस मिनिटांत मराठी पुस्तकाची आठ-दहा पानं सहज होतात. आजारपणं, पाहुणे, परीक्षा यांत बुडालेले दिवस सोडले तरी वर्षाला दहा-बारा पुस्तकं होतात. सगळी पुस्तकं अशी वाचता येत नाहीत, हेही मान्य करायला हवं. तत्त्वज्ञानाचा घट्ट विणलेला ग्रंथ सलग तास मागतो. तो काही वर्षं कपाटात थांबला तर बिघडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो: हा वेळ मुलाच्या वाट्यातून जात नाही का? तान्ह्या बाळाच्या बाबतीत जातो, आणि त्या दिवसांत हट्ट धरू नये. तेव्हा पोळ्या लाटताना कानावर पडणारं ध्वनिपुस्तकही वाचनच. पण पाच-सहा वर्षांचं मूल वीस मिनिटं आपल्या खेळात एकटं रमलं, तर त्याची आबाळ होत नाही. आई-बाबा मोबाइलवर पुस्तक वाचतायत की बँकेचा निरोप, हे त्याला कळत नाही. छापील पुस्तक मात्र दिसतं, त्याचं पान उलटताना दिसतं. मुलाला गोष्ट वाचून दाखवणं सुंदरच आहे, पण ते स्वतःच्या वाचनाच्या खात्यावर मांडू नये. पालकत्वावरची मार्गदर्शनपर पुस्तकंही त्या खात्यात धरू नयेत. ज्या वाचनातून मुलाचा काहीच फायदा होणार नाही, असं काहीतरी आईबापांच्या हातात असलंच पाहिजे, कारण मूल झालं म्हणून त्यांची स्वतःची जिज्ञासा संपत नाही.

राहिला प्रश्न पैशांचा आणि जागेचा. त्याला सार्वजनिक ग्रंथालय हेच उत्तर आहे, आणि ते आपल्याकडे जुनं आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, आणि राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. अनुदानाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, वेळापत्रकाबद्दल क्वचित. संध्याकाळी ग्रंथालय उघडं असतं तेव्हा नोकरी करणारी आई लोकलमध्ये किंवा एसटीत असेल, तर ते तिच्यापुरतं बंदच. रविवारी सकाळी बालविभाग आणि मोठ्यांची कपाटं एकाच वेळी खुली ठेवली, मुलांपाशी एक कर्मचारी बसवला, तर तिला स्वतःसाठी पुस्तक निवडायला निवांत अर्धा तास मिळेल. ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत ही मागणी सभासद पालकांनीच मांडायला हवी.