कानाला लावायचे शब्द

पोटापाण्यासाठी माणसाने काय काय करावे याला धरबंध नाही. मी फ्रेंचचे इंग्रजी करतो. मोलिएरचे किंवा बाल्झाकचे नव्हे. यंत्रांबरोबर खोक्यातून येणाऱ्या माहितीपत्रकांचे! पंप झाले, शिवणयंत्रे झाली, आणि गेल्या वर्षी हेडफोन आले. घरात मराठी बोलणाऱ्या माणसाने फ्रेंचातून इंग्रजीत भाषांतर करायचे, म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या भांडणात तिसऱ्याने मध्यस्थी करण्यासारखेच आहे. पण तिऱ्हाइताला कधी कधी दोघांच्याही अंगणातले दिसते, हेही खरे.

पहिलाच शब्द ‘कास्क’. कास्क म्हणजे शिरस्त्राण. आगीच्या बंबावरच्या शिपायाचे, मोटारसायकलवाल्याचे आणि गाणे ऐकणाऱ्याचेही! इंग्रजाने या वस्तूला डोक्याचा फोन म्हटले. फ्रेंच माणसाने फोनचा विचारच केला नाही. डोक्यावर काय चढले एवढेच पाहिले. हेल्मेटसक्तीच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आम्हा पुणेकरांच्या पोरांनी हेच शिरस्त्राण किती हौसेने चढवले आहे, ते कुठल्याही बसमध्ये पाहावे.

पुढचे शब्द तर एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत शोभतील असे. डोक्यावरून जाणारी पट्टी म्हणजे ‘आर्सो’, लहानशी कमान. कानावर बसणाऱ्या वाट्या म्हणजे ‘ओरेयेत’, इवलेसे कान. हृदयाच्या वरच्या कप्प्यांनाही हाच शब्द. आणि वाटीच्या कडेची मऊ गादी म्हणजे ‘कुसिने’, छोटी उशी. मांजराच्या पंजाखालच्या मऊ गाद्यांनाही फ्रेंच लोक कुसिनेच म्हणतात. दुर्दैवाने यंत्राच्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगलाही तेच नाव आहे. हल्ली भाषांतराचा कच्चा खर्डा संगणक करून देतो. मला आलेल्या सुट्या भागांच्या यादीत मागेपुढे वाक्य नव्हते, नुसते शब्द होते. तिथे त्याने ‘डावे बेअरिंग, उजवे बेअरिंग’ असे छापून दिले. त्याला तरी काय बोल लावणार? त्याने कधी कानाला काही लावलेले नाही.

तुम्ही म्हणाल, यात एवढे रमण्यासारखे काय आहे? ‘एमाँ’ हा शब्द घ्या. वाटीच्या आत लोहचुंबक असते, ते एमाँ. याच अक्षरांचा दुसरा अर्थ ‘प्रेम करणारा’. व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात, दोन्ही शब्दांची कुळे निराळी आहेत. असतील. पण आपण तरी काय केले? लोखंडाचे चुंबन घेणारा तो लोहचुंबक! इंग्रजीत मात्र ‘मॅग्नेट’ लिहून पुढच्या ओळीकडे वळावे लागते. दोन भाषांनी मिळून केलेली ही थट्टा तिसरीत पोचत नाही.

तशीच सुरांची गोष्ट. फ्रेंच माहितीपत्रकात आवाजाचे तीन भाग असतात : ग्राव, मेदिओम, एग्यू. मला थेट मंद्र, मध्य आणि तार आठवले. ग्राव म्हणजे गंभीर आणि एग्यू म्हणजे टोकदार. पण इंग्रजीत ते शब्द जसेच्या तसे नेले तर खर्जाचे थडगे होईल. नवा हेडफोन काही तास वाजवून ‘तयार’ करतात, त्याला ते ‘रोदाज’ म्हणतात. नव्या मोटारीच्या इंजिनालाही तोच शब्द. इंग्रजीतले शौकीन त्याला चक्क ‘भाजणे’ म्हणतात. मराठीत मी एका शब्दात सांगितले असते : रुळणे. नव्या वहाणा रुळतात, नवी सून रुळते, तसा हेडफोनही रुळतो. पण मराठीचे पैसे देणारे गिऱ्हाईक अजून मला भेटायचे आहे!

या कामात फ्रेंच लोक नवशिके नाहीत. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराचे गाणे टेलिफोनच्या तारांवरून आणले, आणि लोकांनी दोन कानांना दोन श्रवणयंत्रे लावून ते ऐकले. दहा वर्षांनी, १८९१ साली, एर्नेस्त मेर्कादिए याने कानाच्या आत बसणाऱ्या हलक्या यंत्राचे पेटंट घेतले. आज पोरांच्या कानात दिसतात त्यांचे हे पणजोबा.

या सगळ्या गमतीत एक वाक्य मात्र गमतीचे नव्हते. खिशातल्या वादनयंत्रांच्या आवाजाला १९९६ च्या फ्रेंच कायद्याने १०० डेसिबलची मर्यादा घातली, आणि पुऱ्या आवाजात फार वेळ ऐकल्यास कानाला इजा होऊ शकते, अशी सूचना त्यांवर छापण्याची सक्ती केली. तशीच सूचना माझ्या पत्रकात होती. तिच्यात ‘प्युइसाँस’ असा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ शक्ती. इंग्रजीत ‘पूर्ण शक्ती’ लिहिले तर वाचणाऱ्याला ती मालाची जाहिरात वाटेल. म्हणून मी ‘पूर्ण आवाज’ लिहिले. त्यावर गिऱ्हाइकाचा निरोप आला, की खोक्यावर जागा थोडी आहे, ‘फार वेळ’ हे शब्द गाळता येतील का?

माझे मामा मुंबईच्या एका गिरणीत मागावर होते. तिथे आवाज एका दिवसात कान नेत नसे. तो वर्षावर्षाने, गुपचूप नेत असे. प्रथम मामांना पाखरे ऐकू येईनाशी झाली, मग नातवंडे. ते घरात मोठ्याने बोलत, आणि मामी म्हणत, ‘अहो, भांडताय का?’ त्यांच्या खात्यात भिंतीवर कुणी कसली सूचना लावली नव्हती.

मी कळवले, की शब्द गाळता येणार नाहीत. हवे तर कुसिनेच्या मऊपणाचे वर्णन एका ओळीने कमी करा. दोन दिवस उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी होकार आला. माझी मजुरी शब्दांवर ठरते. ‘फार वेळ’ या दोन शब्दांचे इतर शब्दांइतकेच पैसे मिळाले. मी ते आनंदाने घेतले.