हायपो

१९६३ ची दिवाळी. धाकटा भाऊ विषमज्वरातून नुकताच उठला होता. पाडव्याला त्याला आईशेजारी बसवून मी बॉक्स कॅमेऱ्याने फोटो काढला. रोलमध्ये फोटो बाराच, म्हणून श्वास रोखून!

रात्री न्हाणीघरात, लाल दिव्याखाली, कागदावर दोघे हळूहळू उमटले. मी इतका हरखलो की हायपोत न बुडवताच कागद उजेडात नेला. पाहता पाहता दोघेही काळवंडले. माझा चेहरा उतरला. आई म्हणाली, "अरे, पोरगा तर धडधाकट आहे ना?"

हायपो चित्रात काहीच भर घालीत नाही. उजेड न लागलेली चांदी काढून टाकतो, म्हणून चित्र टिकते. देवाची कृपाही मनावर उमटते. टिकवावी लागते आपल्यालाच. आई तिन्हीसांजेला निरांजनापुढे पुटपुटे, "आज पोरगा पोटभर जेवला." तोच तिचा हायपो!

दुसरी प्रत मी नीट धुतली. आज आई नाही, भाऊ आजोबा झाला आहे. परवा क्षुल्लक कारणावरून मी देवावर रुसलो होतो. सहज भिंतीवरच्या त्या फोटोकडे नजर गेली, आणि हात आपोआप जोडले गेले.