आधी वाट द्यावी

जून सरत आला की शनिवारी सकाळी झुरिचच्या मुख्य स्थानकात, कूरला जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर, सायकलींची रांग लागते. जाड दातेरी टायर, शॉक ॲब्सॉर्बर, पाठीवर सॅक आणि चार-सहा मित्रांचा गट. सव्वा तासात कूर येतं. तिथून लाल डोंगरी रेल्वे किंवा पिवळी पोस्टबस धरली की दुपारच्या आत आल्प्समधल्या एखाद्या खिंडीखाली उभं राहता येतं. सह्याद्रीत भटकून इथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हा छंद लागायला वेळ लागत नाही. डोंगराची ओढ जुनीच असते, नवं असतं ते चाक. या चाकावरूनच इथे वाद होतो, की हातभर रुंदीची डोंगरवाट पायी चालणाऱ्याची की सायकलस्वाराची? माझ्या मते ती दोघांची असावी, पण ती दोघांची राहील हे पाहण्याची मुख्य जबाबदारी सायकलस्वाराची आहे. त्याने आधी वाट द्यावी, मग मागावी.

या मताविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा इतिहासातून येतो. स्वित्झर्लंडमधली पायवाटांची चळवळ १९३४ साली संघटित झाली. तिच्या संस्थापकांपैकी योहान याकोब एस हे झुरिच सरोवराकाठच्या मायलेन गावचे शिक्षक. विद्यार्थिनींची सहल घेऊन ते क्लाउझन खिंडीत गेले, तेव्हा मोटारींच्या धुळीने आणि गोंगाटाने मुलींना चालणं नकोसं झालं, अशी या चळवळीची जन्मकथा सांगतात. चालणाऱ्याला चाकापासून दूर, हक्काची वाट हवी, हा विचार त्यातून रुजला. १९७९ साली मतदारांनी पायवाटांना राज्यघटनेत स्थान दिलं, १९८५ साली त्यांचा कायदा झाला. आज पिवळ्या पाट्यांनी दाखवलेल्या या वाटांची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे, म्हणजे विषुववृत्ताला दीड वेढा पडेल एवढी. चाकापासून सुटका म्हणून आखलेल्या वाटेवर पुन्हा चाक कशाला, असं एखाद्या वयस्क स्विस माणसाने विचारलं, तर तो हेकेखोर आहे म्हणून सोडून देता येत नाही. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

माझं उत्तर असं, की १९३०च्या दशकातल्या चालणाऱ्याचं खरं दुखणं चाक नव्हतं. मोटार त्याच्यासाठी थांबत नव्हती, रस्ता सोडायचा तो त्यानेच, हे दुखणं होतं. शिवाय या डोंगरवाटांपैकी कितीतरी त्याहून फार जुन्या आहेत आणि त्या नुसत्या चालण्यासाठी पडलेल्याच नाहीत. दावोसजवळची २,६०६ मीटर उंचीची स्कालेट्टा खिंड आज सायकलस्वारांच्या आवडीची आहे. एके काळी तिच्यावरून मालवाहू घोडे वाल्तेल्लिना खोऱ्यातली वाइन उत्तरेला आणत. नाणेघाटातून कोकणातला माल देशावर चढे, तसाच हा व्यवहार. घाटवाट मुळात सगळ्यांच्या उपयोगाची असते. तिच्यावर कोण येतो यापेक्षा समोरासमोर आल्यावर कोण थांबतो, यावर तिथली शांतता ठरते.

ग्राउब्युंडन प्रांतात नेमकं हेच तत्त्व चालतं. पायवाटांवर सायकलला सर्वसाधारणपणे मुभा आहे, पण पहिला मान चालणाऱ्याचा. हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका वळणापाशी पाहावं. ताशी २५ किलोमीटर वेगाने उतरणारी सायकल एका सेकंदात सात मीटर अंतर कापते. चढून येणाऱ्याची मान खाली, श्वास लागलेला, त्याला ती शेवटच्या क्षणी दिसते. म्हणून समोर जेवढी वाट दिसते तिच्या निम्म्यात थांबता येईल, एवढाच वेग ठेवायचा. माणूस दिसला की लांबूनच ब्रेक लावायचा, दरीकडच्या बाजूला पाय टेकून उभं राहायचं, डोंगराकडची आतली बाजू त्याला मोकळी करून द्यायची. ‘ग्रुएत्सी’ म्हणून नमस्कार करायचा आणि मागे अजून तिघे आहेत हे सांगायचं. यात फार तर अर्धं मिनिट जातं.

यापेक्षा सरळ बंदीच घालावी, असं काहीजण म्हणतात. ऑस्ट्रियाच्या १९७५च्या वनकायद्याने जंगलात पायी फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिला, पण सायकल चालवायला संमतीची अट ठेवली. तरी त्याच देशातल्या टिरोलने १९९७पासून जमीनमालकांशी करार करून सायकलींसाठी मार्ग खुले केले. नुसत्या मनाईने प्रश्न मिटत नाही, याची ही कबुलीच आहे. दुसरे म्हणतात, सायकलींच्या वाटा वेगळ्या करा. लेन्त्सरहाइडेसारख्या गर्दीच्या ठिकाणी किंवा शहराजवळच्या टेकड्यांवर ते योग्यच आहे. २०१८च्या सार्वमतात ७३.६ टक्के लोकांनी सायकलमार्गांच्या बाजूने कौल दिला, २०२३पासून त्याचा कायदाही लागू झाला. पण आराखड्यांना २०२७अखेरपर्यंत आणि ते अमलात आणायला २०४२अखेरपर्यंत मुदत आहे. तोवरचे उन्हाळे एकाच वाटेवर काढायचे आहेत. आणि अडीच हजार मीटर उंचीवर गवत वाढायला वर्षातले मोजके आठवडे मिळतात. तिथे एकाच उतारावर दुसरी वाट खणणं म्हणजे भरायला वर्षानुवर्षं लागणारी जखम करणं.

सायकलींनी वाटा उखडतात, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मान्य करूनच पुढे जायला हवं. मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि फरफटत जातं. मागे बोटभर खोल चर पडतो. संध्याकाळी वळवासारखी सर आली की पाणी तोच चर धरून धावतं आणि माती घेऊन जातं. पाणी बाजूला वळवण्यासाठी वाटेत तिरके ओंडके बसवलेले असतात. ते चुकवायला कडेच्या गवतातून सायकल घातली की शेजारी दुसरी वाट पडते. बॅटरीच्या सायकलींमुळे आता सराव नसलेले लोकही सहज वर पोचतात, पण उतरायचं कसब बॅटरी देत नाही. यावर उपाय एकच: दोन्ही ब्रेक हलके आणि लवकर लावायला शिकणं, आणि जमत नसेल तिथे उतरून सायकल हातात धरून चालणं.

मित्रांच्या गटावर ही जबाबदारी अधिक येते. एकटा सायकलस्वार चुकला तर एकाला त्रास होतो. सहाजण एकामागोमाग, पुढच्याला गाठायच्या ईर्ष्येने उतरू लागले की वाटेवर दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. म्हणून वेग सगळ्यांत कच्च्या गड्याचा असावा, दोघा-तिघांच्या तुकड्या कराव्यात आणि कुरणाचं कुंपण शेवटच्याने लावावं. या कुंपणाच्या विजेच्या तारेला प्लास्टिकची मूठ, स्प्रिंग आणि आकडा असतो. मूठ धरून आकडा काढायचा, सगळे पार झाले की पुन्हा कडीत अडकवायचा. आकडा तसाच लोंबकळत राहिला तर गुरं खालच्या उतारावर जातात आणि गुराख्याची संध्याकाळ ती शोधण्यात जाते. बाहेरून येऊन इथे घर केलेल्या आपल्यासारख्यांना या देशाने मतदानाचा हक्क देण्याच्या कितीतरी आधी ही वाट दिली, नाव-गाव न विचारता. तो आकडा परत कडीत घालणं, हे त्या विश्वासाचं आपल्या हातून होणारं उत्तर आहे.