कंस कुठे, स्पेस किती

प्रोग्रॅमर लोकांची जुनी भांडणं ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येईल. ओळ आत सरकवायला टॅब वापरायचा की चार स्पेस? महिरपी कंस त्याच ओळीवर उघडायचा की पुढच्या? अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी? पायथनमध्ये ओळ किती आत आहे यावरून अर्थ ठरतो, पण बहुतेक भाषांमध्ये संगणकाला या मांडणीनं काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो माणसांना.

पुण्यातल्या पहिल्या नोकरीत तो मला पडला. बुलढाणा जिल्ह्यात इंजिनीअरिंग करून आलो होतो. आमच्या परीक्षेत प्रोग्रॅम पेनानं कागदावर लिहायचे असत. जसं प्रत्येकाचं अक्षर वेगळं, तशी प्रत्येकाची मांडणीही वेगळी, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. इथे माझ्या पहिल्याच पुल रिक्वेस्टवर कमेंट्सची रांग लागली. इथे स्पेस दे, ही ओळ तोड, तो कंस वर घे. शेवटी एका सीनियरनं हसऱ्या इमोजीसोबत लिहिलं, ‘गावठी कोड.’ लॉजिक बरोबर आहे का, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

टोमणा मी पचवला. त्रास वेगळ्याच गोष्टीचा होता. हे नियम कुठेही लिहिलेले नव्हते. एकानं सांगितलं तसं केलं की दुसरा उलट सांगायचा. ती त्या घरची रीत होती. आतल्यांना ती आपोआप माहीत होती आणि नव्यानं आलेल्याला दर वेळी चुकूनच कळणार होती.

काही महिन्यांनी टीमनं ‘प्रीटियर’ बसवलं. जेम्स लाँग यांनी 2017 मध्ये आणलेला हा फॉरमॅटर. तो कोड वाचून त्याच्या रचनेचा झाडासारखा आराखडा तयार करतो, तुमच्या जवळपास सगळ्या स्पेस आणि ओळी टाकून देतो आणि त्या आराखड्यावरून कोड नव्यानं छापतो. फाइल सेव्ह केली की काम झालं. ही कल्पना त्याच्या आधीची आहे. 2009 मध्ये गूगलची ‘गो’ भाषा आली ती ‘गोफम्ट’ हा फॉरमॅटर सोबत घेऊनच. पायथनसाठी 2018 मध्ये ‘ब्लॅक’ आला. कोड बदलल्यावर आधीचा आणि नंतरचा आराखडा सारखाच आहे ना, हेही तो तपासून पाहतो. म्हणजे दिसणं बदलेल, म्हणणं नाही.

या साधनांमध्ये सेटिंग्ज मुद्दाम कमी ठेवलेली असतात. जास्त पर्याय दिले तर जुनं भांडण सेटिंग्जच्या फाइलमध्ये जाऊन बसेल. फॉरमॅटरची शैली कुणालाच पूर्णपणे आवडत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ती चालते. ती कुणाच्याच घरची नसते.

आमच्या प्रोजेक्टवर तो पहिल्यांदा चालवला तेव्हा हजारो ओळी हलल्या. ‘गावठी’ म्हणणाऱ्या सीनियरच्या फाइल्स सगळ्यात जुन्या, त्यामुळे त्यांत बदलही सगळ्यात जास्त. अशा वेळी एक अडचण येते. कोणती ओळ कुणी लिहिली हे विचारलं, की गिट प्रत्येक ओळीवर फॉरमॅटर चालवणाऱ्याचंच नाव दाखवतं. 2019 पासून मात्र असा कमिट वगळायची सोय गिटमध्येच आहे.

त्यानंतरच्या माझ्या पुल रिक्वेस्टवर एकच कमेंट आली: ‘यादी रिकामी आली तर?’ कुणीतरी माझा कोड पहिल्यांदा वाचला होता. उत्तर माझ्याकडे होतं.

मात्र हे साधन कुठे थांबतं, तेही कळलेलं बरं. ते मला आमच्या जिल्ह्याच्या नावानंच शिकवलं. बुलडाणा की बुलढाणा? दोन्ही रूपं सर्रास लिहिली जातात. इंग्रजीतही तेच. 2011 च्या जनगणनेत ‘ढ’चा एच नाही, एरवी बहुतेक ठिकाणी तो असतो. माणूस कुठलीही पाटी वाचून योग्य एसटीत बसतो. संगणकाला मात्र हे दोन वेगळे जिल्हे वाटतात. एका जिल्हावार रिपोर्टमध्ये आमचा जिल्हा मला दोनदा सापडला, आकडा दोन ओळींत वाटला गेलेला. नुसती पहिली ओळ पाहणाऱ्याला जिल्ह्यात कामच कमी झालंय असं वाटलं असतं. फॉरमॅटरनं त्या फाइलचे कंस आणि स्पेस नीट लावले होते. दोन्ही नावं त्यानं जशीच्या तशी ठेवली, आणि ते योग्यच होतं. नावाला अर्थ असतो, आणि अर्थाला हात लावायचा नाही हीच तर त्याची अट.

तो निर्णय आम्ही बसून घेतला. जोडणी नावावर करायची नाही, जनगणनेच्या क्रमांकावर करायची. बुलढाण्याचा क्रमांक 500. नाव लोक लिहितात तसं लिहू देत.

आता खामगाव-मलकापूरकडून कुणी नवीन टीममध्ये आलं की मी पहिल्याच दिवशी त्याच्या एडिटरमध्ये फॉरमॅटर सुरू करून देतो आणि सांगतो, स्पेसवरून कुणी बोललं तर उत्तर देऊ नकोस, ते मशीन बघेल. व्हेरिएबलला काय नाव द्यायचं यावर मात्र हवं तेवढं भांड.