दारातला पहिला प्रश्न

मराठी घरात आलेल्या माणसाला ‘आपले स्वागत आहे’ असे कोणी म्हणत नाही. ते वाक्य समारंभाच्या फलकावर शोभते. घरी आपण ‘या’ म्हणतो, बसायला सांगतो, पाणी पुढे करतो आणि मग हटकून विचारतो, ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नात आपुलकी असते हे खरेच. पण उत्तर ऐकणारा मनातल्या मनात गाव, आडनाव आणि जात यांची सांगड घालू लागतो, हेही तितकेच खरे. ही सवय आपल्या हाडीमाशी किती खिळलेली आहे, ते दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढच्या आत्मकथनांनी मराठी वाचकाला पुरेसे दाखवून दिले आहे. आम्हाला या प्रश्नाविषयी लिहायचे आहे ते जरा निराळ्या जागेवरून. पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत मुलांची रविवारची शाळा चालते आणि तिथल्या स्वयंसेवकांची जबाबदारी गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. नव्या कुटुंबाला दारात काय विचारावे, यावर आमच्यात जितका खल झाला तितका क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल.

रविवारच्या शाळेला अक्षरओळखीचा वारसा आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स याने १७८० साली अशी शाळा काढली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांसाठी. रविवार हा त्यांचा एकच मोकळा दिवस. त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवायचे आणि वाचनाचे पुस्तक म्हणजे बायबल. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी शाळा काढल्या, ‘ज्ञानोदय’ (१८४२) चालवले आणि १८७३ मध्ये मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतो. त्यांच्या लेखनाचाही या मासिकाशी निकटचा संबंध होता. मराठी बालसाहित्याचा इतिहास शिकवताना हे अंगण सहसा ओझरतेच पाहिले जाते, म्हणून एवढे सांगितले.

आजची आमची शाळा साधी आहे. उपासनेतले पहिले गीत झाले की चार ते चौदा वर्षांची मुले मागच्या खोल्यांत जातात. तिथे गाणे, गोष्ट, एक वचन पाठ करणे आणि शेवटी खाऊ. शिकवणाऱ्यांत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, पाळ्यांची नोकरी करणारी परिचारिका आहे, अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी आहेत आणि दाराशी उभ्या राहणाऱ्या एक मावशी आहेत. यांपैकी कोणालाही पगार नाही. त्यामुळे हुकूम चालत नाही; शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून जे सगळ्यांना पटते तेच रविवारी घडते. मुले येतात ती नगर, जालना, सोलापूर या बाजूंहून कामधंद्यासाठी आलेल्या घरांतली. कोणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात, कोणी बांधकामावर, कोणी संगणकाच्या कचेरीत.

आमच्या हाती आलेल्या जुन्या वहीत रकाने होते: मुलाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, मूळ मंडळी, बाप्तिस्म्याची तारीख. ज्या काळात माणसे एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत पाळकांचे पत्र घेऊन येत, त्या काळात हे रकाने सोयीचे होते. हल्ली मात्र वही उघडली की काही चेहरे आखडतात. एकदा एक वडील दोन मुलींना घेऊन आले. मुलीचे नाव विचारताच त्यांनी उलट विचारले, ‘शाळेतलं सांगू का घरातलं?’ पुढे गावाचा रकाना पाहून म्हणाले, ‘ते राहू द्या, पुढच्या वेळी बघू.’

या अडखळण्यामागे भिडस्तपणा नसतो, कायदा असतो. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश मुळात हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले दलित मात्र त्याबाहेर राहिले. बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा नोकरीतली जागा जाण्याची शक्यता. म्हणून कित्येक घरांत दाखल्यावरचे नाव एक असते आणि प्रार्थनेतले दुसरे. अशा घराला वहीपुढचे पेन साधे वाटत नाही.

आणि देवळाच्या आत तरी जात पुसली गेली आहे काय? टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात आणि त्याच्या आगेमागे आपले सोवळे एकेका पायरीने कसे सुटले, ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःला हसत हसत लिहून ठेवले आहे. एवढ्या मोकळ्या मनाच्या बाईलाही जे सोडायला वर्षे लागली, ते एका पिढीत सगळ्या समाजाचे सुटले असेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. अमके नगरकडचे, तमके अमक्या वाडीचे, असे कुजबुजून सोयरीक जुळवणारे आणि मोडणारे लोक आमच्यातही आहेत.

तेव्हा गावाचा रकाना ठेवायचा की नाही, यावर शनिवारच्या तीन बैठका गेल्या. गुरुजींचे म्हणणे रास्त होते. ‘नोंदच नसेल तर मूल पडलं-झडलं, ताप आला, तर कळवायचं कुणाला?’ २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर तर मुलांच्या बाबतीत हयगय चालतच नाही. एका खोलीत कायम दोन मोठी माणसे असावीत आणि ज्याचे नाव दिले आहे त्याच्याच हाती मूल सोपवावे, हे नियम आम्ही कसोशीने पाळतो. परिचारिका म्हणाली, ‘अपघात विभागात आम्ही आधी जखम बघतो, केसपेपर नातेवाईक नंतर काढतात.’ मावशींची अडचण निराळीच होती. ‘गाव नाही विचारायचं, तर माणसाशी बोलायचं तरी काय?’ त्यांच्या तोंडी तो प्रश्न कधीच चौकशीचा नव्हता. गाव कळले की त्या हमखास ओळखीचे कोणीतरी शोधून काढत आणि परक्याला घटकेत आपलेसे करत.

अखेर वहीत चारच गोष्टी राहिल्या: मूल स्वतःचे सांगेल ते नाव, वय, काही आजार किंवा खाण्यातले पथ्य, आणि न्यायला येणाऱ्या माणसाचे नाव नि फोन. बाकीचे कुटुंबाने आपणहून सांगितले तर ऐकायचे, लिहायचे नाही. मावशींनी स्वतःपुरता नवा प्रश्न शोधला. ‘चालत आलात की बसनं?’ यावर कोणीही बोलू लागते. बस किती वेळाने आली, कुठे बदलावी लागली, धाकटीला उलटी झाली; आणि त्या बोलण्यातून कुटुंब कुठे राहते, वडिलांना रविवारी सुट्टी असते की नाही, हेही कळत जाते. नवा स्वयंसेवक आला की त्याला वर्ग देण्याआधी आम्ही तीन रविवार मावशींजवळ दारात उभे करतो. शिकवणे पुष्कळांना येते. ऐकून घेताना दुसरा प्रश्न जिभेवर अडवून धरणे शिकावे लागते.

याने सारे सुटले असे नाही. नगर जिल्ह्यातल्या एका आजोबांना वाईट वाटले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मंडळीत त्यांचे घराणे होते तिचे नाव कोणी विचारलेच नाही. त्यांच्यासाठी गाव म्हणजे अभिमान होता, आजोबांनी खांद्यावर दगड वाहून बांधलेले देऊळ होते. त्यांची गोष्ट आम्ही पुढे मोठ्या मुलांच्या वर्गात त्यांच्याच तोंडून ऐकली आणि मुलांनीही ती टक लावून ऐकली. तेच गाव एकाला मिरवावेसे वाटते आणि दुसऱ्याला लपवावे लागते. म्हणून ते सांगण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडे असावा, इतकेच आम्हाला उमगले आहे.

लूकच्या शुभवर्तमानातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट आमच्या वर्गात दर वर्षी होते. शंभरांतले एक कमी आहे हे मेंढपाळाला मोजल्यावर कळते, असे गुरुजी सांगत होते. शहराच्या कडेला धनगरांचे कळप पाहिलेली एक मुलगी म्हणाली, ‘ते मोजत नाहीत, त्यांना बघूनच कळतं.’ गुरुजींनी तिथल्या तिथे गोष्टीत तेवढी दुरुस्ती करून घेतली.

आमच्या वाचकांपैकी बरेच जण दर वर्षी जून-जुलैत नव्या वर्गासमोर उभे राहतात आणि हजेरीपट हातात घेतात. पट सरकारी आहे, त्यातले रकाने आपल्या हाती नाहीत. पण पूर्ण नाव मोठ्याने वाचून झाल्यावर पुढे काय विचारायचे, ते आपल्याच हाती असते. मागच्या बाकावरची एखादी मुलगी त्या वेळी मान खाली घालून बसते. तिला ‘कुठली तू?’ म्हणून विचारण्याआधी क्षणभर थांबावे आणि बस वेळेवर मिळाली का, एवढे विचारून पाहावे.