थोरल्याचे शब्द, धाकट्याचा नाद
भावंडांनी उभारलेल्या रॉक बँडचा इतिहास बहुधा भांडणांच्या अंगाने लिहिला जातो, आणि लंडनच्या ‘द किंक्स’ने त्यासाठी भरपूर सामग्री पुरवली आहे. तरीही रे डेव्हिस (जन्म १९४४) आणि डेव्ह डेव्हिस (जन्म १९४७) यांच्या कारकिर्दीत वैराइतकाच घराचाही वाटा होता. उत्तर लंडनमधील मझवेल हिल भागातल्या त्यांच्या घरी, सहा बहिणींच्या पाठीवर झालेल्या या दोन भावांच्या कानांवर शनिवारच्या रात्री बैठकीच्या खोलीतील पियानोभोवती जमणाऱ्या गोतावळ्याची गाणी पडत. त्यांत ‘म्युझिक हॉल’ची, म्हणजे जुन्या करमणूकगृहांतली थट्टेखोर पदे असत, तशीच बहिणींनी आणलेली नव्या चालीची नृत्यगीतेही. रेच्या तेराव्या वाढदिवसाला, १९५७ साली, रीनी या हृदयविकार असलेल्या बहिणीने त्याला गिटार भेट दिली आणि त्याच रात्री एका नृत्यगृहात नाचता नाचता तिचा प्राण गेला.

१९६४ मध्ये पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका पडल्यावर ‘यू रिअली गॉट मी’ने बँडला तारले. त्याची ‘रिफ’, म्हणजे गाणेभर फिरून फिरून येणारी छोटी स्वरावली, रेने त्याच घरातल्या पियानोवर बांधली होती. मात्र तिला दात दिले ते सतरा वर्षांच्या डेव्हने. त्याने आपल्या स्वस्तातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा दाढीच्या पात्याने चिरला, त्यामुळे स्वर स्वच्छ न उमटता फाटून, गुरगुरत बाहेर पडू लागला, आणि पुढच्या कर्कश रॉकला त्यातून एक वाट सापडली. स्वामित्वाच्या कागदावर चाल आणि शब्द रचणाऱ्याचे नाव लागते, नादाला तिथे रकानाच नसतो. दोघा भावांतील तेढीचे एक मूळ या हिशेबात आहे, आणि त्यात धाकट्याची तक्रार अगदीच पोकळ म्हणता येत नाही. (या बँडची सर्वांत कुप्रसिद्ध मारामारी मात्र भावाभावांतली नव्हे: १९६५ मध्ये कार्डिफच्या रंगमंचावर डेव्हचे डोके फोडले ते ड्रमवादक मिक एव्हरीने.)

त्याच वर्षीच्या दौऱ्यानंतर अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने परवाने नाकारल्याने १९६९ पर्यंत ती बाजारपेठ बंद झाली, तेव्हा रेची लेखणी इंग्लंडच्याच गल्लीबोळांकडे आणि हिरवळींकडे वळली. १९६८ चा ‘व्हिलेज ग्रीन’ संग्रह तेव्हा फारसा खपला नाही, आज तो त्यांच्या उत्तम कामांत गणला जातो. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या रोझी या बहिणीच्या नवऱ्याच्या नावावरून १९६९ चा ‘आर्थर’ आला, आणि १९७० च्या ‘लोला’ने गेलेली लोकप्रियता परत मिळवून दिली. पुढे वादक बदलत राहिले, दोघे भाऊ मात्र १९९६ पर्यंत टिकले, ही गोष्ट त्यांच्या भांडणांइतकी कुणी सांगत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या साऱ्यात मोलाचे गाणे वेगळेच आहे. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना बँडचा मुक्काम मुंबईत पडला, आणि तिथे पहाटे कामाला निघालेल्या मच्छीमारांचे सामूहिक गायन रेच्या कानी आले. त्या वर्षीच्या जुलैत निघालेल्या ‘सी माय फ्रेंड्स’मध्ये सतार कुठेच नाही, गिटारवरच तंबोऱ्यासारखा एक अखंड आधारस्वर धरला आहे आणि त्यावर गाणाऱ्याचा आवाज काहीसा ओढून, आळसटपणे फिरतो. गाण्यातल्या विरहाचा संबंध रेने पुढे रीनीच्या मृत्यूशी जोडला. बीटल्सचे सतार असलेले ‘नॉर्वेजियन वुड’ त्यानंतर, डिसेंबरात प्रसिद्ध झाले. तेव्हा पाश्चात्त्य रॉकवरील भारतीय प्रभावाचा इतिहास सांगताना सतारीपासून सुरुवात करण्याची रीत आता सोडावी आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी तरी त्यात मुंबईच्या मच्छीमारांची नोंद आधी करावी.